सहावी ते आठवीच्या मुलांसाठी वीस दिवसांचा इंग्रजी उजळणी वर्ग : एका पालकाचा सविस्तर अभिप्राय

मे महिन्यात माझी मुलगी आणि माझा भाचा असे दोघे जण सांगलीत आमच्या घराजवळ भरणाऱ्या एका इंग्रजी उजळणी वर्गाला वीस दिवस गेले. सहावी, सातवी आणि आठवीत जाणाऱ्या मुलांसाठी हा वर्ग असतो. इंग्रजीचे मूलभूत व्याकरण आणि शेवटच्या टप्प्यात भाषेतील अलंकार व वाक्प्रचार एवढाच त्याचा अभ्यासक्रम आहे. वर्ग चालवणाऱ्या बाई माध्यमिक शाळेतून इंग्रजीच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत आणि त्यांच्या मदतीला एक तरुण सर येतात. बाईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर, सतरंजीवर बसून, सकाळी साडेसात ते साडेनऊ असा वर्ग चालतो. रविवारी सुट्टी असते, मुले जास्तीत जास्त अठरा घेतली जातात आणि शुल्क १,८०० रुपये असून त्यात छापील सराव-पानांचा संच मिळतो. आपल्या वर्गाची जाहिरात होऊ नये अशी बाईंची इच्छा असल्यामुळे मी नाव आणि पत्ता देत नाही. तरीही हे लिहिते आहे, कारण अशा वर्गाच्या शोधात असलेल्या पालकांना उजळणी कशी घेतली जाते, ती कुठे साधते आणि कुठे फसते, हे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून कळावे असे मला मनापासून वाटते.

आमच्या घरातील दोन मुलांच्या अडचणी एकमेकांच्या अगदी उलट होत्या. भाचा मराठी माध्यमाच्या शाळेत सेमी-इंग्रजीच्या तुकडीत आहे. गणित आणि विज्ञान तो इंग्रजीतून शिकतो आणि नामाची, सर्वनामाची, क्रियापदाची इंग्रजी व्याख्या न अडखळता म्हणून दाखवतो, परंतु काल काय केले हे पाच वाक्यांत सांग म्हटले की गप्प होतो. मुलगी इंग्रजी माध्यमात असल्यामुळे भराभर बोलते, पण तिने स्वतः बोललेल्या वाक्यातील क्रियापद कोणते असे विचारले की तिला ते सापडत नाही. मी स्वतः पाचवीत इंग्रजी मुळाक्षरे गिरवणाऱ्या पिढीची आहे. राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली, म्हणजे माझ्या नंतर. त्यामुळे या दोघांना घरी शिकवण्याचा माझा प्रयत्न मला येत असलेल्या नियमांपाशीच थांबत होता, आणि नियम तर भाच्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ होते.

पहिल्या दिवशी बाईंनी कोणताही नियम सांगितला नाही. ‘काल संध्याकाळी मी काय केले’ या विषयावर प्रत्येकाकडून दहा ओळी लिहून घेतल्या आणि कागद घरी नेले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मुलांच्याच लेखनातील बारा वाक्ये होती, कोणाचेही नाव न लिहिता. वाक्य कोणाचे याची चर्चा करायची नाही, ते असे का लिहिले गेले याची करायची, हा वर्गातला पहिला आणि बहुधा एकमेव शिस्तीचा नियम होता. त्या बारा वाक्यांतील चुकांवरून पुढच्या पंधरा दिवसांचा क्रम ठरला. छापील संचाचा क्रम नेहमीप्रमाणे नामापासून सुरू होऊन उद्गारवाचक शब्दांपर्यंत जातो, परंतु बाईंनी तो बाजूला ठेवला आणि मुलांचे पाऊल जिथे घसरत होते तिथून सुरुवात केली. हा वर्ग मला आवडण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

त्या बारांपैकी चार वाक्यांत एकच चूक होती : ‘आय डिड नॉट वेन्ट टू द ग्राउंड.’ आमच्या शाळेत या चुकीवर लाल फुली पडायची आणि ‘डिडनंतर पहिले रूप’ हे वाक्य दहा वेळा लिहावे लागायचे. बाईंनी शेजारी मराठी वाक्य लिहिले, ‘मी मैदानावर गेलो नाही’, आणि मुलांना विचारले की या वाक्यात भूतकाळ कुठे आहे. मुलांनी ‘गेलो’वर बोट ठेवले. मराठीत नकार देताना ‘गेलो’ तसाच राहतो आणि पुढे ‘नाही’ येते, म्हणून मूल इंग्रजीतही भूतकाळाचे रूप तसेच ठेवते. इंग्रजीत मात्र भूतकाळाचे ओझे ‘डिड’ने उचललेले असते, त्यामुळे मुख्य क्रियापद मोकळे होते. ही चूक अज्ञानातून आलेली नसून आपल्या भाषेची पक्की सवय दुसऱ्या भाषेत नेल्यामुळे झाली आहे, हे कळल्यावर भाच्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्या दिवशी घरी येऊन त्याने मला स्वतःहून सात नकारार्थी वाक्ये म्हणून दाखवली आणि सातही बरोबर होती.

प्रश्नार्थक वाक्यांचेही असेच झाले. ‘तू कुठे जात आहेस?’ या वाक्यात मराठी शब्दांचा क्रम विधानासारखाच ठेवते, केवळ ‘कुठे’ हा शब्द आणि आवाजाचा चढ प्रश्न घडवतात. म्हणून मुले ‘व्हेअर यू आर गोइंग’ म्हणतात. इंग्रजीत कर्ता आणि साहाय्यक क्रियापद यांनी जागा बदलाव्या लागतात हे शिकवण्यासाठी सरांनी मुलांच्या हातात शब्दांची पुठ्ठ्याची पाटी दिली आणि त्यांना ओळीत उभे केले. ‘यू’ आणि ‘आर’ धरलेल्या दोघांनी प्रश्नाच्या वेळी जागा बदलायची. माझ्या मुलीला हा खेळ सुरुवातीला लहान मुलांचा वाटला, कारण तिच्याकडून ही चूक सहसा होत नाही. पण ‘आय डोन्ट नो व्हेअर ही इज गोइंग’ या वाक्यात जागा का बदलत नाहीत, असे सरांनी विचारल्यावर तीही थांबली. प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की तो पुन्हा विधानाच्या क्रमाने येतो, हे तिला तिथे पहिल्यांदा कळले.

लिंगाचा गोंधळ मला स्वतःला नवा होता. एका मुलाने ‘रवी लव्हज हर सिस्टर’ असे लिहिले होते आणि त्याला रवीची स्वतःचीच बहीण म्हणायचे होते. मराठीत ‘त्याची बहीण’, ‘त्याचा भाऊ’, ‘त्याचे घर’ असे म्हणताना शेवटचा प्रत्यय मालकीच्या वस्तूप्रमाणे बदलतो, आणि स्वतःची बहीण म्हणायची तर ‘आपली’ म्हणून आपण मोकळे होतो, मालक पुरुष की स्त्री हे सांगावेच लागत नाही. इंग्रजीत मात्र मालकाकडे पाहावे लागते. बहिणीकडे पाहून ‘हर’ लिहिणारे मूल मराठीच्या नियमाने अगदी बरोबर वागत असते. खुर्ची ‘ती’ असल्यामुळे तिला ‘शी’ म्हणणे आणि पंखा ‘तो’ असल्यामुळे त्याला ‘ही’ म्हणणे हाही त्याच मुळाचा फाटा. बाईंनी एक संपूर्ण तास घरातल्या वस्तूंवर घालवला, आणि तो वाया गेला असे मला मुळीच वाटत नाही.

आता ज्या तासासाठी मी हा वर्ग कोणालाही सुचवीन त्याविषयी लिहिते. मराठीत उपपदे नाहीत. ‘मी कुत्रा पाळला आहे’ या वाक्यात कुत्र्याच्या आधी काही लागत नाही आणि ‘एक’ आपण संख्या सांगायची असेल तेव्हा किंवा गोष्टीची सुरुवात करताना म्हणतो. त्यामुळे ‘अ’ आणि ‘ॲन’ मुलांच्या लेखनातून गळतात, आणि आठवण झाली की ‘ए, ई, आय, ओ, यू यांच्यापूर्वी ॲन’ हा पाठ केलेला नियम चुकीच्या जागी लागतो. मुले ‘ॲन युनिफॉर्म’ आणि ‘अ अवर’ लिहितात, कारण ती रोमन अक्षर पाहतात. बाईंनी मुलांना सांगितले की शब्द देवनागरीत लिहा. ‘अवर’ लिहिला की पहिले अक्षर अ, म्हणजे स्वर. म्हणून ‘ॲन अवर’. ‘युनिफॉर्म’ लिहिला की पहिले अक्षर य, म्हणजे व्यंजन. म्हणून ‘अ युनिफॉर्म’. ‘ऑनेस्ट’ ऑने सुरू होतो, ‘वन-रुपी कॉइन’ वने, ‘एम.एल.ए.’ एने, ‘युरोपियन’ युने. जो नियम इंग्रजी माध्यमाच्या मुलांना अपवादांची यादी म्हणून पाठ करावा लागतो, तो आपल्या लिपीत डोळ्यांना सरळ दिसतो, कारण आपण बहुतेक वेळा उच्चाराप्रमाणे लिहितो. चाळीस वर्षांच्या आयुष्यात मला हे कोणी सांगितले नव्हते.

भाच्याने मात्र दुसऱ्या दिवशी शंका काढली. ‘हॅपी न्यू इयर’ आपण ‘इ’ने लिहितो, मग ‘ॲन इयर’ म्हणायचे का? बाईंनी त्याला शाबासकी दिली आणि सगळ्या वर्गाला तो शब्द मोठ्याने म्हणायला लावला. वर्ष या अर्थाच्या शब्दाची सुरुवात तोंडात ‘य’ने होते, मराठीत लिहिताना आपण तो ‘य’ गाळतो. कान या अर्थाच्या शब्दात मात्र खरोखरच ‘ई’ आहे. म्हणून ‘अ इयर’ आणि ‘ॲन ईअर’. लिपी ही कानाची मदतनीस आहे आणि शेवटचा निकाल कानाचा, असे त्या म्हणाल्या. शंका विचारणाऱ्या मुलाला असे उत्तर मिळावे आणि त्याच्यामुळे सगळ्या वर्गाला एक बारकावा कळावा, यासाठीच तर आपण मुलांना अशा ठिकाणी पाठवतो.

शब्दयोगी अव्ययांचा भाग चांगला होता, पण घाईत उरकला गेला. मराठीत ‘टेबलावर’ म्हणताना संबंध दाखवणारा शब्द नामाच्या मागून येतो आणि इंग्रजीत तो नामाच्या आधी जातो, हे मुलांना लवकर समजले. खरी अडचण पुढची आहे. आपल्या एका ‘वर’साठी इंग्रजीत ‘ऑन’, ‘अबव्ह’, ‘ओव्हर’ असे तीन शब्द उभे राहतात, आणि ‘च्याशी लग्न’ या रचनेवरून मुले ‘मॅरीड विथ’ म्हणतात, ‘च्याबद्दल चर्चा’वरून ‘डिस्कस अबाउट’ म्हणतात. हे शब्द एकेकटे शिकण्यापेक्षा क्रियापदाबरोबर जोडीने शिकावे लागतात. बाईंनी अशा पंधरा जोड्या दिल्या, मात्र त्यांच्यावर वाक्ये करून घ्यायला वेळ उरला नाही. या विषयाला किमान तीन दिवस हवे होते, दीड दिवस मिळाला.

काळांच्या बाबतीत त्यांनी घेतलेला निर्णय मला धाडसी वाटला. बारा काळांचा तक्ता त्यांनी भिंतीवर लावला नाही. साधा वर्तमान, चालू वर्तमान, साधा भूत, चालू भूत, पूर्ण वर्तमान आणि साधा भविष्य एवढे सहा काळ घेतले आणि बाकीचे आठवीनंतर शाळा शिकवील असे सांगितले. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ ही आपल्याकडे मोठ्या माणसांच्याही तोंडी असलेली चूक त्यांनी याच भागात घेतली : भाऊ असणे ही चालू असलेली क्रिया नव्हे, ती स्थिती आहे, म्हणून ‘आय हॅव’. विरामचिन्हांना एक तास पुरला. त्यातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. देवनागरीत मोठी आणि लहान लिपी असा भेद नसल्यामुळे विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे काढण्याची आठवण मराठी माध्यमाच्या मुलांच्या हाताला नसते, म्हणून त्यांच्यासाठी हा सराव वेगळा आणि जास्त द्यावा लागतो. बाईंनी तो दिला.

काही पालकांची अपेक्षा वेगळी होती, तीही नोंदवते. शिष्यवृत्ती परीक्षेच्या दुसऱ्या पेपरमध्ये मराठी माध्यमाच्या मुलांना तृतीय भाषा म्हणून इंग्रजीचे २५ प्रश्न आणि ५० गुण असतात, तेव्हा वर्गात पर्यायी प्रश्नांचा भरपूर सराव व्हावा असे दोन पालकांनी बाईंना सुचवले. बाईंनी नम्रपणे नकार दिला. चार पर्यायांतून बरोबर वाक्य ओळखणारे मूल ते वाक्य स्वतः रचू शकेलच असे नाही, आणि वीस दिवसांत त्यांना दुसरे काम करायचे होते. परीक्षेची तयारी एवढाच हेतू असेल तर हा वर्ग आपल्यासाठी नाही, हे पालकांनी आधीच लक्षात घ्यावे.

सोळाव्या दिवसापासून अलंकार सुरू झाले, आणि इथे या वर्गाविषयी माझे मत थोडे विभागले जाते. पाच दिवसांपैकी दोन उत्तम गेले, दोन छापील संचाच्या आहारी गेले आणि शेवटचा चाचणीत गेला.

उत्तम दिवस सरांचे होते. त्यांनी मुलांना घरातल्या वस्तू सांगायला लावल्या आणि त्यांच्या अवयवांची नावे विचारली. टेबलाला पाय असतात, बाटलीला गळा असतो, डोंगराला माथा आणि पायथा असतो. इंग्रजीतही टेबलाला ‘लेग’ आणि बाटलीला ‘नेक’ आहे. पण इंग्रजीत सुईला ‘आय’ म्हणजे डोळा असतो, आपण त्याला नेढे म्हणतो; आणि घड्याळाला इंग्रजीत ‘हँड्स’ म्हणजे हात असतात, आपल्याकडे काटे. एका वस्तूकडे पाहून एका भाषेला हात आठवले आणि दुसरीला काटा आठवला. रूपक ही केवळ कवींची चैन नसून रोजच्या बोलण्यात वापरून वापरून गुळगुळीत झालेली गोष्ट आहे, हे एवढ्या साध्या उदाहरणाने सातवीच्या मुलांना समजावणे मी प्रथमच पाहिले. त्यानंतर ‘द क्लासरूम वॉज अ फिश मार्केट’ हे वाक्य आले आणि मुलांनी एकमुखाने ‘वर्गाचा मासळीबाजार झाला होता’ असे मराठी सांगितले. वर्गात मासे कोणीही विकत नव्हते, मग हे वाक्य खोटे का ठरत नाही, या प्रश्नावर वीस मिनिटे बोलणे झाले.

ध्वनीच्या अलंकारांत देवनागरी पुन्हा कामाला आली. अनुप्रासाचा इंग्रजी भाऊ शब्दारंभीच्या आवाजावर चालतो, अक्षरावर नाही. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ यांचे रोमन अक्षर एक आहे पण आवाज जुळत नाही. ‘कॅट’ आणि ‘किंग’ यांची अक्षरे वेगळी असून आवाज जुळतो. ‘फोटो’ आणि ‘फिश’ जुळतात. ‘नाइफ’ आणि ‘नोज’ जुळतात. मुलांनी शब्द देवनागरीत लिहिले आणि उत्तरे आपोआप समोर आली. ध्वन्यनुकारी शब्दांच्या वेळी तर वर्ग आवरेना, कारण मराठीत या शब्दांची खाणच आहे : खळखळ, सळसळ, किणकिण, फडफड, गडगडाट, कडकडाट. कोंबडा मराठीत कुकूच कू करतो आणि इंग्रजीत ‘कॉक-अ-डूडल-डू’, हे ऐकून सहावीतल्या मुलांनी दोन्ही कोंबडे करून दाखवले. माझ्या मुलीने त्या दिवशी एकोणतीस मराठी ध्वनिशब्द लिहून आणले. इंग्रजी वर्गातून ती मराठी शब्द घेऊन घरी आली याचा मला फार आनंद झाला.

तक्रार उपमेच्या तासाविषयी आहे. छापील पानावर सूचना होती की ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ हे शब्द शोधा, त्यांच्याखाली रेघ ओढा, ती उपमा. मुलांनी सूचनेप्रमाणे केले. त्यामुळे ‘आय लाइक मँगोज’ हे वाक्य उपमा ठरले, ‘ही वर्क्स ॲज अ ड्रायव्हर’ हेही ठरले, आणि ‘शी लुक्स लाइक हर मदर’ या वाक्याला तर उत्तरपत्रिकेतही उपमाच म्हटले होते. मुलगी आईसारखी दिसते हे प्रत्यक्ष साम्य आहे. उपमा होण्यासाठी दोन वेगळ्या जातींच्या गोष्टी एखाद्या गुणापुरत्या एकत्र याव्या लागतात. आपल्या मराठी व्याकरणाने यासाठी किती नेमके साधन दिले आहे! ‘तिचा आवाज मधासारखा गोड आहे’ या वाक्यात आवाज हे उपमेय, मध हे उपमान, ‘सारखा’ हा साधर्म्यवाचक शब्द आणि गोडवा हा साधारण धर्म. मराठी माध्यमाच्या मुलांना हे चार भाग शाळेत भेटतात. ‘हर व्हॉइस इज ॲज स्वीट ॲज हनी’ या वाक्याला तेच चार प्रश्न विचारले असते, तर ‘आय लाइक मँगोज’मध्ये उपमानच नाही हे मुलांना स्वतःहून दिसले असते. व्याकरणाच्या प्रत्येक तासाला मराठीचा आधार घेणाऱ्या बाईंनी नेमका इथे तो घेतला नाही, याची मला हळहळ वाटली.

मी हे बाईंशी बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्या पानावरची तीन वाक्ये वर्गात पुन्हा घेतली. मात्र त्यांनी मला एक सावधगिरीही सांगितली, आणि ती मला पटली. मराठीचे रूपक आणि इंग्रजीचे मेटाफर यांचा मेळ शंभर टक्के बसत नाही. आपल्याकडे उपमेय आणि उपमान दोन्ही समोर असून त्यांच्यात अभेद दाखवला की रूपक होते, तर इंग्रजीत उपमेय अजिबात न उच्चारताही मेटाफर होऊ शकते. ‘जणू’ने येणाऱ्या उत्प्रेक्षेला तर इंग्रजी शालेय पुस्तकांत वेगळे घरच नाही, तिची वाक्ये बहुधा सिमिलीतच, म्हणजे इंग्रजी उपमेतच, जमा होतात. म्हणून नावांना नावे चिकटवून मोकळे होऊ नये. चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असे म्हणणे, आणि अतिशयोक्ती यांच्या बाबतीत जोडी सरळ लागते आणि ते दोन्ही विषय अर्ध्या तासात संपले.

वाक्प्रचारांचे पान मात्र बदलायलाच हवे. त्यावर चाळीस इंग्रजी वाक्प्रचार आणि समोर एकेका ओळीत अर्थ आहेत. ‘आगीत तेल ओतणे’ आणि ‘ॲड फ्युएल टू द फायर’ अशा जोड्या मुलांना पटकन कळल्या. ‘वन्स इन अ ब्लू मून’ला आमच्या घरी आजीने ‘सठीसामासी’ हा शब्द सुचवला तेव्हा भाच्याने तो शब्द पहिल्यांदा ऐकला. पण केवळ अर्थ दिल्याने काय होते ते एका मुलीच्या वाक्याने दिसले. पानावर ‘किक द बकेट’ म्हणजे ‘मरण पावणे’ असे लिहिले होते. गेल्या वर्षी तिची आजी वारली होती, आणि तिने अतिशय मनापासून ‘माय ग्रँडमदर किक्ड द बकेट’ असे लिहिले. तो वाक्प्रचार थट्टेचा आहे, आपल्या ‘गचकला’च्या जवळचा. आजीसाठी आपण ‘देवाघरी गेली’ म्हणतो तसे इंग्रजीत ‘पास्ड अवे’ म्हणतात. सरांनी तिला बाजूला घेऊन हे समजावले, हे त्यांचे चांगुलपण. परंतु छापील पानावर वाक्प्रचाराच्या अर्थाबरोबर तो कोणी, कोणाविषयी, कोणत्या प्रसंगी वापरावा हे लिहिलेले असते तर त्या मुलीला वाक्य खोडावे लागले नसते. मुलांच्या हातात देण्याच्या यादीत हा वाक्प्रचार असण्याचीही गरज नाही.

शेवटच्या दिवशीची चाचणी दोन भागांत होती. पहिल्या भागात पहिल्या दिवसाचाच विषय पुन्हा लिहायला दिला आणि दोन्ही कागद मुलांच्या हाती ठेवले. भाच्याच्या पहिल्या कागदात दहा ओळींत अकरा चुका होत्या, दुसऱ्यात चौदा ओळींत चार. त्यातल्या तीन शब्दयोगी अव्ययांच्या होत्या, ज्या भागाला वेळ कमी मिळाला त्याच्याच. मुलीच्या चुका आधीही कमीच होत्या, पण आता ती त्यांची कारणे सांगू शकते. दुसरा भाग अलंकार ओळखण्याचा होता आणि त्यात फक्त नाव लिहायचे होते. एखादी उपमा स्वतः रचा, असा एकही प्रश्न नव्हता. पहिला भाग ज्या विचाराने काढला होता, त्याच विचाराने दुसराही काढायला हवा होता.

सोयींविषयी थोडक्यात. वरच्या मजल्यावर मे महिन्यात नऊनंतर उकाडा जाणवतो, पंखे दोनच आहेत, मुलांबरोबर पाण्याची बाटली द्यावी. दोनशे पानी वही लागते आणि तिच्या डाव्या पानावर मुलाचे मूळ वाक्य व त्याखाली मराठी, उजव्या पानावर दुरुस्त वाक्य अशी रचना बाई स्वतः तपासतात. ही वही घरी रोज पाच मिनिटे पाहिली तर मुलाला काय अडते ते पालकांना नेमके कळते. चाळीस तासांच्या शिकवणीसाठी १,८०० रुपये हे शुल्क मला रास्त वाटते. इंग्रजी माध्यमातील ज्या मुलांना मराठी वाचता येत नाही त्यांना निम्म्या तासांचा लाभ मिळणार नाही, कारण स्पष्टीकरणाचा कणा मराठी आहे. बोलण्याचा सराव हवा असलेल्यांनीही दुसरीकडे पाहावे, इथे लेखनावर भर आहे.

नावनोंदणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात होते आणि जागा दोन-तीन दिवसांत संपतात. मुलीचे नाव मी पुढच्या मे महिन्यासाठी आताच सांगून ठेवले आहे. अलंकार आणि वाक्प्रचार यांच्यासाठी दिवाळीच्या सुट्टीत वेगळा पाच दिवसांचा वर्ग घ्यावा आणि तो सरांनी घ्यावा, अशी विनंती आम्ही सहा पालकांनी मिळून बाईंकडे केली आहे. त्यांनी अजून होकार दिलेला नाही, पण वाक्प्रचारांचे पान परत मागून घेतले आहे आणि प्रत्येक वाक्प्रचारापुढे एक प्रसंग लिहून द्या असे काम वर्गातील आठवीच्या मुलांवर सोपवले आहे.